सूट घ्यायचा की सूट घ्यायची?



यंदा उन्हाळी पापडांचा लेख का आला नाही, असं बऱ्याच जणींनी विचारलं. मे महिन्यात मी सांगलीत नव्हते. आम्ही दोघं अमेरिकेत मुलाकडे गेलो होतो आणि तिथून सगळे मिळून सात रात्री जहाजावर राहून आलो. ज्यांना हे कळलं त्यांचा पहिला प्रश्न एकच होता, "जहाजावर जेवणाचं काय केलंत?" ते सांगतेच. पण जेवणापेक्षा अवघड गोष्ट निघाली ती म्हणजे खोली कुठली घ्यायची. त्यावरून आमच्या घरात दोन महिने चर्चा चालली आणि मध्ये आठ दिवस मुलाचा फोनसुद्धा आला नाही. त्याबद्दल आज लिहिते.

गोष्ट सुरू झाली २०२३ च्या दशलक्षण पर्वानंतर. आमच्या लग्नाला २०२४ च्या मे महिन्यात ४० वर्षं होणार होती. मुलाचा न्यू जर्सीहून फोन आला, "आई, अण्णांना आणि तुला समुद्रात फिरवून आणायचंय. नवीन जहाज आहे, सूट घेऊया." सूट म्हटल्यावर माझ्या डोक्यात दुकानातली सूट आली. मी म्हटलं, "किती टक्के?" तो हसायला लागला. "अगं, ती सूट नव्हे. मोठी खोली. त्याचा खरा उच्चार स्वीट." म्हणजे गोड. त्यावर सून मागून हसली. तेव्हापासून आमच्या घरात तो सूटच आहे, मीही इथे सूटच लिहिणार.

जहाजाचं नाव 'आयकॉन ऑफ द सीज'. फिनलंडमधल्या तुर्कू गावी बांधलेलं, २० मजली, ३६५ मीटर लांब. २ लाख ४८ हजार टनांच्या वर त्याचं माप. टायटॅनिक ४६ हजार टनांचं होतं, म्हणजे हे त्याच्या पाचपट. एका खोलीत दोन माणसं धरली तर ५,६१० प्रवासी, आणि सगळ्या खाटा भरल्या तर ७,६०० पर्यंत जाऊ शकतात. सांगलीच्या आसपासची काही गावं याहून लहान आहेत. प्रवाशांना घेऊन ते पहिल्यांदा निघालं २७ जानेवारी २०२४ ला, मायामीहून. म्हणजे मुलगा फोनवर हे सांगत होता तेव्हा जहाज अजून फिनलंडमध्येच होतं. खोल्यांचे फोटोसुद्धा नव्हते, संगणकावर काढलेली चित्रं होती.

मुलानं ती चित्रं पाठवली. मी ह्यांना दाखवली. चाळीस-एक्केचाळीस वर्षं हळदीच्या अडतीत काढलेला माणूस. ह्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "नमुना न बघता सौदा?"

सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे कसे होतात ते आपल्याकडच्या बायकांना माहीत आहे. ढिगातलं कुडं उचलायचं, मोडायचं, आतला रंग बघायचा, मग बोली. इथे मोडून बघायला काही नव्हतं. त्याच बांधणीचं हे पहिलं जहाज, त्यामुळे जुळ्या जहाजावर कुणी राहून आलंय, त्याला विचारावं, तीही सोय नाही. नवीन जहाजाची ही खरी अडचण. सगळं चकचकीत मिळतं, पण कुठली खोली बरी आणि कुठली वाईट हे सांगणारं अजून कुणी नसतं.

मग आम्ही कोष्टक मांडलं. मी बी.कॉम. झालेय ती फक्त दुधाच्या हिशेबापुरती नाही, असं मुलाला मी नेहमी सांगते.

खोल्यांचे प्रकार असे. सगळ्यात स्वस्त ती आतली खोली. तिला बाहेरची खिडकी नसते. मग समुद्राकडे खिडकी असलेली. मग समुद्राकडे बाल्कनी असलेली. या जहाजावर आणखी एक गंमत आहे, काही बाल्कन्या आतल्या बागेकडे किंवा लहान मुलांच्या खेळायच्या जागेकडे उघडतात, म्हणजे बाल्कनी आहे पण समुद्र नाही. या सगळ्यांच्या वर सूट. त्यातही पायऱ्या. लहान सूट म्हणजे बाल्कनीची खोलीच, पण ऐसपैस, बसायची जागा आणि मोठं न्हाणीघर असलेली. त्याच्यावर मोठे सूट, निजायची आणि बसायची जागा वेगळी. आणि सगळ्यात वर तीन मजली सूट, ज्यात वरच्या मजल्यावरून खाली यायला घसरगुंडी आहे. नातीनं तोच हवा म्हणून हट्ट धरला होता. त्याचं भाडं बघून मुलानं तिला बागेत नेलं.

काही सूटचं नाव 'सनसेट सूट' आहे. ते जहाजाच्या मागच्या अंगाला असतात. ते नाव वाचून मला हसू आलं. सूर्यास्ताशी आपलं नातं काय आहे ते त्या लोकांना कुठं माहीत? त्यांच्याकडे सूर्यास्त बघत जेवायला बसतात, आपल्याकडे सूर्यास्ताच्या आत हात धुवून उठतात.

भाड्याचे आकडे मी इथे देत नाही, ते रोज बदलतात. प्रमाण सांगते. आमच्या तारखांना आतल्या खोलीचं भाडं १०० धरलं तर समुद्राकडच्या बाल्कनीचं दीडशेच्या आसपास येत होतं, लहान सूटचं दोनशेच्या वर, आणि मुलाच्या मनात होता त्या मोठ्या सूटचं जवळजवळ चारशे. शिवाय दाखवलेलं भाडं माणशी असतं आणि एका खोलीत दोन माणसं धरून असतं. त्यावर कर आणि बंदराचं शुल्क. त्यावर नोकरवर्गाची रोजची बक्षिसी, तीही माणशी, आणि सूटवाल्यांना साध्या खोलीपेक्षा जास्त. विमा वेगळा. हे सगळं एका खाली एक लिहिल्याशिवाय कुठलीही खोली महाग की स्वस्त हे ठरवू नका.

कॉलेजात पहिल्या वर्षाला अर्थशास्त्रात घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत होता. भुकेल्याला पहिली भाकरी फार मोलाची, दुसरी थोडी कमी, पाचवी तर नकोच. मी मुलाला फोनवर तोच समजावला. म्हटलं, "आतल्या खोलीत खाट आहे, पंखा नाही पण गार हवा आहे, न्हाणीघर आहे. त्याच्यापुढे तू चौपट पैसे देणार ते कशाचे? पाचव्या भाकरीचे."

आणि खरं कारण त्याहून वेगळं होतं. साठी झाली तेव्हा मी कुंभोज बाहुबलीला माताजींसमोर भोगोपभोग परिमाणाचा नियम घेतला. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात याचं फार सोपं विवेचन आहे. एकदाच उपयोगात येतं ते भोग, जसं जेवण. पुन्हा पुन्हा उपयोगात येतं ते उपभोग, जसे कपडे. दोन्हींना माप घालायचं. आयुष्यभरासाठी घेतला तर यम, ठरावीक मुदतीसाठी घेतला तर नियम. माझं माप साधं आहे. कपाटात वीस साड्या, एकविसावी आली तर एक बाहेर जाते. अंगावर रोजचं आहे तेवढंच सोनं. कंदमूळ तर माहेरापासूनच नाही. सूर्यास्तानंतर फक्त पाणी.

सूटचा माझ्या नियमात उल्लेख नव्हता. कसा असेल? पण मी तो ताणून तिथवर नेला. म्हटलं, खोली म्हणजे उपभोगच. आतली खोली घ्यायची. निजायला किती जागा लागते? मुलगा म्हणाला, "आई, पैसे मी देतोय." मी म्हटलं, "पैसे तू दिलेस म्हणून नियमाला सूट मिळत नाही." हे वाक्य बोलल्यावर मला माझंच फार बरं वाटलं, हेही खरं सांगते.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुझ्या नियमात आम्ही कुठं बसतो ते एकदा सांग." आणि फोन ठेवला. तेच ते आठ दिवस.

हे काय म्हणत होते असं विचाराल, तर हे काहीच म्हणत नव्हते. "तुला बरं वाटेल ते घे." लग्न झाल्यापासून ह्यांचं हेच वाक्य आहे. मी त्याचा अर्थ होकार असाच लावत आले.

आठवडाभरानं, मुलाला दाखवायला म्हणून, मी एक उद्योग केला. आतली खोली साधारण दीडशे चौरस फुटांची. मी टेप घेऊन गच्चीवर गेले आणि रांगोळीनं दहा बाय पंधराचा चौकोन काढला. आत खाट काढली, कपाट काढलं, न्हाणीघर काढलं, दार काढलं. चालायला जागा उरते, सामायिकाला एक आसन बसतं, हे फोटो काढून पाठवणार होते. ह्यांना हाक मारली. म्हटलं, "आत येऊन उभे राहा, म्हणजे अंदाज येईल."

हे दारातून आत आले. अगदी रांगोळीच्या दारातून, रेषा न पुसता. खाटेच्या बाजूला उभे राहिले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग म्हणाले, "खिडकी कुठं काढलीस?"

मी म्हटलं, "आतल्या खोलीला खिडकी नसते."

"हां," म्हणाले. "म्हणजे पेढीच."

बास, एवढंच बोलले आणि जिना उतरून खाली गेले. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे एकेक पायरी उतरतात. मी त्या रांगोळीच्या चौकोनाकडे बघत उभी राहिले.

ज्यांनी आमचं जुनं दुकान बघितलंय त्यांना कळेल. पुढे माल, मागे वखार, आणि मध्ये ह्यांची बसायची जागा. मूळची एक खिडकी होती, तिच्यापुढे पोत्यांची थप्पी लागली ती कायमची. भर दुपारी दिवा लावून हिशेब लिहायचा. एक्केचाळीस वर्षं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला. आयर्विन पुलावर ४५ फूट ही धोक्याची पातळी, पाणी ५७ फुटांवर गेलं. दुकानात पाणी शिरलं, माल गेला, वह्या गेल्या. पाणी उतरल्यावर पोती बाहेर काढली तेव्हा ती खिडकी दिसली. हे तिच्यासमोर बराच वेळ उभे होते. नंतर दुकान पुतण्याच्या हवाली केलं. या माणसाला मी सात रात्री पुन्हा बिनखिडकीच्या खोलीत निजवणार होते आणि त्याला माझा त्याग म्हणणार होते.

तेव्हा मला सासूबाई आठवल्या. लग्न होऊन आले त्या वर्षाची गोष्ट. सासूबाई रविवारी मीठ सोडायच्या. ते बघून नव्या नवलाईत मीही रविवारचं मीठ सोडलं. आणि पहिल्याच रविवारी, नियम मोडू नये म्हणून, अख्ख्या घराची आमटी बिनमिठाची केली. मामंजींनी निमूट जेवण केलं. हेही निमूट जेवले. सगळे उठल्यावर सासूबाई मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "नियम तू घेतलास. आमटीनं नाही घेतला." त्या स्वतः दर रविवारी चव न घेता, नुसत्या अंदाजानं, सगळ्यांसाठी बरोबर मिठाची आमटी करायच्या आणि आपल्या ताटात दूधभाकरी घ्यायच्या. चाळीस वर्षांनी मी पुन्हा तीच बिनमिठाची आमटी केली होती, फक्त जहाजाची.

सासूबाईंचं दिग्व्रत होतं. पूर्वेला शिखरजी, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला हस्तिनापूर, त्याच्या पलीकडे जायचं नाही. त्या मापात समुद्र बसत होता. पण बघायचा राहूनच गेला, कारण कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

संध्याकाळी अंथऊ झाल्यावर मी ह्यांना विचारलं, "तुम्हाला कुठली खोली हवी?" हे म्हणाले, "तुला बरं वाटेल..." मी म्हटलं, "ते नको. तुम्हाला काय हवंय ते सांगा." बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "खुर्चीवर बसून पाणी दिसलं तर बरं. पण तुझा नियम..." मी म्हटलं, "नियम माझा आहे, तुमच्या खुर्चीचा नाही."

रात्री मुलाला फोन लावला. त्याची तिकडे सकाळ होती. "चुकलं माझं," म्हटलं. आपल्याकडे क्षमावाणीला आपण सगळ्या जगाची क्षमा मागतो, पण पोटच्या मुलाची मागताना जीभ जड होते. तो म्हणाला, "मोठा घेऊ?" मी म्हटलं, "मोठा नाही, लहान सूट. कारणं ऐक, मी लिहून ठेवलीत." तो हसला, म्हणजे मिटलं.

कारणं तुमच्याही उपयोगी पडतील म्हणून देते.

नुसती बाल्कनीची खोलीसुद्धा चालली असती. पण ह्यांच्या गुडघ्यासाठी न्हाणीघरात वळायला जागा हवी होती, आणि पहाटे खाट न सरकवता दोघांना सामायिकाला बसायला दोन आसनांची जागा हवी होती. ती लहान सूटमध्ये होती. मोठ्या सूटमध्ये याहून जास्त जे होतं ते आम्हाला लागणारं नव्हतं. पाचव्या भाकरीचा हिशेब तिथे बरोबर लागू पडला. तो मी आधी चुकीच्या ताटाला लावला होता.

दुसरं, सूटवाल्यांसाठी जहाजावर एक वेगळी लहान भोजनशाळा असते. लहान सूटवाल्यांना तिथे फक्त संध्याकाळच्या जेवणाला, तेही जागा असेल तर, बसता येतं. हजारोंच्या पंगतीत आपलं कांदा-लसूण-बटाटा नको सांगण्यापेक्षा लहान ठिकाणी सांगणं सोपं, असा माझा अंदाज होता.

तिसरं म्हणजे जागा. इथे ह्यांची अडत कामाला आली. जहाजाच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा मिळतो. हे त्यावर वाकून वखार बघावी तसे बघत होते. "वर काय, खाली काय, शेजारी काय, हे आधी बघ. माल मधल्या थप्पीत ठेवला की वरनं गळत नाही, खालनं ओल येत नाही." म्हणून ज्या खोलीच्या वरही खोल्या आणि खालीही खोल्या अशीच बघितली. वर पोहायचा तलाव किंवा भोजनशाळा असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो. लांबीच्या मध्यावर आणि फार उंच नसलेल्या मजल्यावर जहाज कमी हलतं. शेजारच्या खोलीत उघडणारं दार असेल तर तिकडचं बोलणं ऐकू येतं. जिना आणि लिफ्ट जवळ हवी, पण अगदी दाराशी नको. ३६५ मीटरच्या जहाजात लिफ्टपासून लांबची खोली घेतली तर गुडघेवाल्या माणसाची रोज तीर्थयात्रा होते.

चौथं, दिवस. चातुर्मास सुरू व्हायच्या आत परत यायचं होतं, आणि तिकडे वादळांचा मोसम जूनपासून धरतात, म्हणून मे. शिवाय सूर्यास्त. डिसेंबरात मायामीला साडेपाचलाच सूर्य मावळतो, जहाजावरचं संध्याकाळचं जेवण सुरू होता होता आपलं पान उचलायची वेळ. मे महिन्यात तिथे आठच्या सुमारास मावळतो. पण यात एक मेख आहे, ती नीट वाचा. आमचं जहाज पूर्वेला सेंट थॉमस बेटावर जाणार होतं. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आणि मायामीचं घड्याळ एकच असतं, पण सेंट थॉमस बरंच पूर्वेला आहे. त्यामुळे घड्याळ न बदलता सूर्य तिथे पावणेसातच्या सुमारासच मावळतो. आठच्या भरवशावर राहिलं असतं तर तासाभरानं नियम मोडला असता आणि कळलंही नसतं. मी प्रत्येक दिवसाची वेळ आधीच काढून वहीत लिहून नेली होती. त्यासाठी 'सनसेट सूट' लागत नाही.

आता जेवण. जहाजवाल्यांना बऱ्याच आधी लेखी कळवावं लागतं. नुसतं 'जैन जेवण' लिहू नका, वाचणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत असेलच असं नाही. आम्ही यादी दिली. मांस, मासे, अंडं, मध नको. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, मुळा, ओलं आलं नको. अळंबी नको. आणि खाली काय चालतं तेही लिहिलं, भात, डाळी, दुधी, भेंडी, फरसबी, टोमॅटो, दूध, दही, फळं. "नको"ची यादी वाचून स्वयंपाकी घाबरतो, "चालतं"ची वाचली की त्याला सुचायला लागतं. खोलीत शेगडी, इस्त्री, पाणी तापवायची किटली न्यायला परवानगी नसते, तेव्हा त्या भरवशावर पीठ बांधून नेऊ नका. मी बिनलसणाचं भडंग, मेतकूट, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. अमेरिकेच्या विमानतळावर विचारतात तेव्हा खाण्याचं जे काही आहे ते सगळं सांगून टाकायचं.

आपल्या शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते दिसतंच. दारू दिसते, मांस दिसतं, जुगाराची यंत्रं दिसतात. ज्यांना ते नकोच वाटतं त्यांनी जाऊ नये, त्यात कमीपणा काही नाही. मी गेले ते ठरवून गेले. माझ्यापुरतं माप तिथेही घातलं होतं. जादा पैशांची भोजनगृहं नाहीत, पेयांची कुपनं नाहीत. सेंट थॉमसला दागिन्यांची दुकानं ओळीनं आहेत, तिथून सून आणि नात आत गेल्या, मी बाहेर बाकावर बसून जप केला. सूनबाईनं घेतलेले कानातले छान आहेत आणि मी तिला तसं सांगितलंही.

मोठा सूट आणि लहान सूट यांतल्या फरकाचे पैसे मुलानं, मी न सांगता, हे ज्या बोर्डिंगात शिकले तिथल्या मुलांच्या जेवणासाठी पाठवले. हिशेब अर्धा ठेवायचा नसतो म्हणून लिहिलं.

पहिल्या पहाटेचं सांगते आणि थांबते. सामायिकाला म्हणून मी उठले तर शेजारी हे नाहीत. मी घाबरलेच. मग बाल्कनीचा पडदा बाजूला दिसला. हे खुर्चीवर बसले होते, अंगावर शाल, दोन्ही हात गुडघ्यांवर. दुकानात सौदा सुरू व्हायच्या आधी बसायचे अगदी तसे. पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं आणि बाकी सगळीकडे पाणी. मला बघून म्हणाले, "किती फूट असेल गं इथं?"

आम्ही सांगलीची माणसं. पाणी दिसलं की आधी फूट विचारतो. मी म्हटलं, "ते नाही बाई माहीत. पण हे चढणारं नाही."

"नाही ना," म्हणाले, आणि शाल नीट करून पुन्हा बघत बसले. त्या दिवशी मी सामायिकाला एकटीच बसले. ह्यांना हाक मारली नाही.

वीस साड्यांचा नियम चालू आहे. आणि आता रविवारच्या आमटीचं मीठ घालताना हात जरा थांबतो, एवढाच फरक.

ज्यांना जेवणाच्या यादीचा इंग्रजी मसुदा हवा असेल त्यांनी कळवा, पाठवते. पापडांचा लेख पुढच्या वेळी नक्की.

जय जिनेंद्र.